लोकांना आपण आकर्षक वाटतो, हे त्यांच्या वागण्यातून खरोखर कळते का?

निरभ्र

बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे विचारत आहे. विषय काहींना उथळ वाटण्याची शक्यता आहे, तरी माझ्या दृष्टीने तो महत्त्वाचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

माझ्या दिसण्याविषयी घरात चांगले किंवा वाईट असे कोणी फारसे कधी बोलले नाही. हुशार, शांत, समंजस ही विशेषणे माझ्या वाट्याला आली आणि सुंदर हे विशेषण नेहमी दुसऱ्या कोणासाठी राखलेले असे. त्यामुळे आपण दिसायला चारचौघींसारख्या आहोत असे मी धरून चालले, आणि त्याचे मला कधी वाईटही वाटले नाही. अलीकडे मात्र एका सहकारी मैत्रिणीने बोलण्याच्या ओघात सांगितले की, आमच्या विभागात नव्याने येणाऱ्या बहुतेकांना मी आकर्षक वाटते, माझ्याशी बोलताना ते काहीसे बिचकतात आणि याची मला पूर्ण कल्पना असणार असे सगळे गृहीत धरतात. मला याची काडीमात्र कल्पना नव्हती.

तेव्हापासून काही गोष्टी नजरेत भरू लागल्या आहेत. बैठकीत एखादा सर्वांना उद्देशून बोलत असतो, पण वाक्य संपवताना त्याची नजर माझ्याकडे येते. अनोळखी माणसे पाहतात आणि लगेच दुसरीकडे बघू लागतात. एक सहकारी सगळ्यांशी मोकळेपणाने गप्पा मारतो; माझ्यासमोर मात्र त्याचे बोलणे कामापुरते आणि तुटक होते. आजवर अशा वागण्याचा अर्थ मी एकच लावत आले, तो म्हणजे या लोकांना माझे फारसे पटत नाही. आता दुसराही अर्थ असू शकतो असे दिसते, आणि नेमका कोणता मानावा हे कळत नाही.

आंतरजालावर या विषयावरच्या याद्या वाचल्या, पण त्यांनी गोंधळ वाढवला. लोक टक लावून पाहत असतील तर तुम्ही आकर्षक आहात, आणि पाहण्याचे टाळत असतील तरीही आकर्षक आहात. कौतुक झाले तर ते लक्षण आणि न झाले तर तेही लक्षण. अशा यादीतून काय निष्पन्न होणार? ज्यांनी या विषयाचा अभ्यास किंवा निदान विचार केला आहे, त्यांनी कृपया सांगावे की, यातल्या कोणत्या खुणांवर भरवसा ठेवता येतो आणि कोणत्या सोडून द्याव्यात.

पाऊलवाट

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा पहिला भाग आलेला आहे. जी खूण घडली तरी पुरावा ठरते आणि घडली नाही तरी पुरावा ठरते, ती पुरावा नसतेच. म्हणून त्या याद्या बाजूला ठेवा आणि प्रत्येक वागणुकीला एकच प्रश्न विचारा: हा माणूस इतरांशी जसा वागतो, त्याहून माझ्याशी वेगळा वागतो का, आणि हे वेगळेपण पुन्हा पुन्हा दिसते का? काही माणसे जात्याच सगळ्यांना हात लावून बोलतात, काही सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलतात, काही कोणाच्याच नजरेला नजर देत नाहीत. त्यांचा नेहमीचा स्वभाव ठाऊक नसेल, तर एका सुट्या हालचालीवरून काढलेला कोणताही निष्कर्ष हवेत बांधलेला असतो.

नजरेचा मुद्दा आधी घेतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तेथेच होतात. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये अनोळखी माणसांच्या वर्तनाचा एक अलिखित नियम मांडला होता. दोन अपरिचित माणसे समोरासमोर आली की एकमेकांकडे क्षणभर पाहतात, म्हणजे तुमची दखल घेतली आहे एवढे सुचवतात, आणि लगेच नजर काढून घेतात, म्हणजे तुमच्यात नाक खुपसण्याचा हेतू नाही हे सुचवतात. त्यामुळे तुम्ही वर्णन केलेले अनोळखी लोकांचे पाहणे आणि दुसरीकडे बघणे ही बहुतेक वेळा साधी सभ्यता असते. त्यातून आकर्षणही सिद्ध होत नाही आणि नापसंतीही. अर्थ असलाच तर तो दुसऱ्या नजरेत असतो. एकदा पाहून झाल्यावर काही कारण नसताना तीच व्यक्ती थोड्या वेळाने पुन्हा पाहते, नजरानजर होताच किंचित गडबडते आणि तिचा हात उगाच केसांकडे किंवा कपड्यांकडे जातो, तेव्हा मात्र दखल घेण्याजोगे काही घडलेले असण्याची शक्यता बरीच वाढते.

हीच गोष्ट मोनिका मूर यांच्या कामातून वेगळ्या रीतीने दिसते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी त्यांनी २०० हून अधिक स्त्रियांचे सार्वजनिक ठिकाणी दुरून निरीक्षण केले आणि ओझरता कटाक्ष, मान तिरपी करणे, केसांवरून हात फिरवणे अशा ५२ हालचालींची नोंद केली. या हालचाली जितक्या अधिक, तितके पुरुष बोलायला जवळ येण्याचे प्रमाण अधिक, असे त्यांना आढळले. मला यातला महत्त्वाचा भाग संख्येचा वाटतो. एखादी हालचाल काहीच सांगत नाही. अनेक हालचाली एका व्यक्तीच्या दिशेने, एका बैठकीत, एकामागोमाग येतात तेव्हा त्यांना अर्थ येतो.

डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे ही खूण प्रत्येक यादीत असते. तिचे मूळ एकहार्ड हेस यांच्या १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत आहे. त्यांनी एका तरुणीची दोन सारखी छायाचित्रे तयार केली, त्यातल्या एकात तिच्या बाहुल्या हाताने मोठ्या केल्या, आणि पुरुषांची प्रतिक्रिया त्या छायाचित्राला अधिक अनुकूल आली. फरक नेमका कशात आहे हे मात्र बहुतेकांच्या लक्षात आले नव्हते. प्रयोग रंजक आहे, पण रोजच्या व्यवहारात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण बाहुल्या मुख्यतः प्रकाशाप्रमाणे लहानमोठ्या होतात आणि अवघड हिशेब करताना किंवा घाबरल्यावरही पसरतात. दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत आपले रूप शोधू नये, एवढेच म्हणतो.

हसण्याविषयी थोडे अधिक ठामपणे बोलता येते. तोंडदेखले हसताना ओठांचे कोपरे वर जातात, तर मनापासून हसताना बहुधा डोळ्यांभोवतीचा वर्तुळाकार स्नायूही आकुंचन पावतो, गाल वर येतात आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. गीयोम ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने हा भेद १८६२ मध्येच नोंदवला होता. समूहात एखादी गंमत झाली की हसता हसता माणसे नेमकी कोणाकडे पाहतात, हे एकदा लक्षपूर्वक बघा. ज्याच्याशी जवळीक आहे किंवा हवी आहे, त्याला गंमत पटली की नाही हे पाहण्यासाठी मान आपोआप तिकडे वळते. हे माझे निरीक्षण आहे, कोणत्याही प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. पण बैठकीत वाक्य संपवताना तुमच्याकडे येणारी नजर मी याच जातीची मानेन. बोलणाऱ्याला तुमचे मत महत्त्वाचे वाटते, इतके त्यातून निश्चित दिसते. ते महत्त्व रूपामुळे आहे की कामातल्या अधिकारामुळे, हे मात्र त्या नजरेतून कळणार नाही.

आणि शेवटी मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मुद्दा, जो याद्यांमध्ये क्वचितच सापडतो. आकर्षक माणसाकडे लोक किती पाहतात यापेक्षा त्याच्याविषयी आधीच काय धरून चालतात, हे जास्त बोलके असते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवले की एका गुणाविषयीचे चांगले मत इतर गुणांवरही पसरते. कॅरन डायन, एलन बर्शाइड आणि इलेन वॉल्स्टर यांनी १९७२ मध्ये केवळ छायाचित्रे दाखवून लोकांची मते विचारली, तेव्हा देखण्या चेहऱ्यांच्या माणसांचे स्वभाव अधिक चांगले असतील आणि आयुष्येही अधिक सुखाची असतील असे लोकांनी बेधडक सांगितले. म्हणून स्वतःला असे विचारा: मी काही बोलण्याआधीच अपरिचित लोक सद्भावना घेऊन येतात का? माझी लहानशी चूक ते सहज पोटात घालतात का? माझ्या मनात काही असुरक्षितता आहे असे सांगितले तर त्यांना खरोखर आश्चर्य वाटते का? तुम्हाला याची कल्पना असणार असे सगळे गृहीत धरतात, हे तुमच्या मैत्रिणीचे वाक्य मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. तो सुटा संकेत नाही. अनेक लोकांच्या गृहीतकांची ती एका जवळच्या आणि विश्वासू साक्षीदाराने केलेली नोंद आहे.

सम्यक

वरच्या प्रतिसादातले बहुतेक मला मान्य आहे, परंतु एका गोष्टीवर पुरेसा भर दिला गेलेला नाही असे वाटते, आणि ती गोष्ट मला या विषयात सर्वांत गंभीर वाटते. मैत्रीपूर्ण वागणूक आणि आकर्षण यांतला फरक ओळखण्यात आपण सगळेच कच्चे आहोत, आणि तो कच्चेपणा एकाच दिशेचा नाही.

अँटोनिया अ‍ॅबी यांनी १९८२ मध्ये एका स्त्री-पुरुष जोडीला काही मिनिटे गप्पा मारायला सांगितल्या आणि दुसऱ्या एका जोडीला लपून ते पाहायला लावले. तोच संवाद, तीच माणसे. तरीही पाहणाऱ्या आणि बोलणाऱ्या पुरुषांना त्या स्त्रीच्या वागण्यात स्त्रियांपेक्षा अधिक प्रमाणात आमंत्रण दिसले. उलट बाजूने, जेफ्री हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की समोरची व्यक्ती लगट करत नसते तेव्हा बहुतेकांना ते बरोबर कळते, पण ती खरोखर करत असते तेव्हा ते ओळखणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी भरते. म्हणजे काहींना नसलेले दिसते आणि पुष्कळांना असलेले दिसत नाही.

याशिवाय नात्यातली उतरंड विसरून चालत नाही. ज्याच्या पगारवाढीचा निर्णय आपल्या हाती आहे, जो आपल्याला काही विकत आहे, ज्याला आपल्याकडून शिफारस हवी आहे, त्याचे हसणे, मान डोलावणे आणि आपल्या विनोदावर लोटपोट होणे यांचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा लागतो. अशा माणसाला हसण्यावाचून पर्याय नसतो, आणि त्याच्या नाइलाजाला आकर्षण समजणे हा त्याच्यावर अन्याय होतो. निरभ्र यांचा प्रश्न अतिशय सरळ हेतूने आलेला आहे हे मला कळते. पण हा धागा इतरही वाचतील आणि त्यातला एखादा आपल्या हाताखालच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर या खुणा शोधत बसेल, म्हणून हे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटले. कोणाला आपण आकर्षक वाटतो हे कळल्याने त्या व्यक्तीवर आपला कोणताही हक्क निर्माण होत नाही.

छायालेख

मी व्यक्तिचित्रणाचे छायाचित्रकार म्हणून काम करतो, त्यामुळे माणसे स्वतःच्या चेहऱ्याकडे कशी पाहतात, हे मला रोज जवळून दिसते. निरभ्र यांच्या प्रश्नाचा अर्धा भाग इतरांच्या वागण्याविषयी आहे, पण अर्धा भाग स्वतःच्या नजरेविषयी आहे, आणि त्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही.

काढलेली छायाचित्रे पडद्यावर मांडून निवडायला बसलो की एक प्रसंग हमखास घडतो. ज्याचे चित्र आहे तो माणूस थोडा पुढे झुकतो, एकेका चित्रावरून झरझर पुढे जातो, एखाद्यावर थांबतो आणि त्यातले एखादे व्यंग बोटाने दाखवतो: हा डोळा बारीक दिसतो, भांग उलट्या बाजूला आहे, हनुवटी वाकडी आली आहे. सोबत आलेला मित्र किंवा जोडीदार मागे टेकून बसलेला असतो आणि त्याच चित्राकडे पाहून अगदी सहज म्हणतो की हे तर हुबेहूब तुझ्यासारखे आले आहे, हेच घे. दोघेही खरे बोलत असतात. स्वतःचा चेहरा आपण आयुष्यभर आरशात, म्हणजे डावे उजवे बदललेल्या रूपात पाहतो, तर जग तो सरळ पाहते. मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी १९७७ मध्ये नेमका हाच प्रयोग केला. एकाच छायाचित्राच्या सरळ आणि आरशातल्यासारख्या उलट अशा दोन प्रती त्यांनी दाखवल्या. ज्यांचे छायाचित्र होते त्यांनी उलट प्रत अधिक पसंत केली आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींनी सरळ प्रत. दोघांनाही आपल्या सवयीचा चेहरा आवडला. वारंवार पाहिलेल्या गोष्टीकडे मन झुकते, हे रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये मांडलेले तत्त्व येथे चेहऱ्याला लागू पडले.

याचा अर्थ माणसे स्वतःला नेहमी कमीच लेखतात असा मुळीच नाही. निकोलस एप्ली आणि एरिन व्हिटचर्च यांच्या २००८ च्या प्रयोगात लोकांच्या चेहऱ्यात आकर्षक चेहऱ्याची थोडी भर घालून चित्रे तयार केली होती, आणि अनेक चित्रांमधून स्वतःचे खरे चित्र ओळखा असे सांगितल्यावर लोकांचा कल त्या सुधारलेल्या चित्राकडे गेला. तेव्हा कोणी स्वतःला कमी मानतो, कोणी अधिक, आणि आपले मत व इतरांचे मत यांचा मेळ फारच सैल असतो. अ‍ॅलन फाइनगोल्ड यांनी अनेक अभ्यास एकत्र करून १९९२ मध्ये जो आढावा घेतला, त्यात स्वतः दिलेले आणि इतरांनी दिलेले रूपाचे गुण यांच्यातला सहसंबंध ०.२४ च्या आसपास निघाला होता. दोन्ही मते पूर्ण जुळली असती तर हा आकडा १ आला असता. ०.२४ म्हणजे संबंध आहे, पण फार क्षीण.

म्हणून, आपण आकर्षक असतो तर आपल्याला कळले नसते का, ही शंका मनात असेल तर ती सोडून द्यावी. न कळणे पूर्णपणे शक्य आहे, आणि माझ्या कामात मला ते वरचेवर दिसते. ज्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडताच मागे उभे असलेले माझे मदतनीसही बोलायचे थांबतात, अशा कित्येक व्यक्ती चित्रे पाहताना अगदी मनापासून विचारतात की यातले त्यातल्या त्यात बरे कोणते.

निरभ्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाऊलवाट यांनी दिलेला, इतरांशी वागण्याच्या तुलनेत वेगळेपण पाहण्याचा निकष मला फार उपयोगी वाटला, आणि सम्यक यांचा इशाराही रास्त आहे. माझ्या हाताखाली दोघे जण काम करतात आणि त्यांना मी या विचारातून पूर्णपणे वगळत आहे.

दोन गोष्टी मात्र अजून उलगडत नाहीत. एक, लोकांना जर मी खरोखर आकर्षक वाटत असेन, तर ते कोणी सांगत का नाही? माझ्या कामाचे कौतुक होते, रूपाचे जवळजवळ कधीच नाही. आणि कामाचे कौतुक झाले की आता नवीनच शंका येते, ते खरोखर कामाचेच आहे ना? दुसरी गोष्ट त्या सहकाऱ्याची. तो माझ्याच पातळीवर काम करतो, त्यामुळे उतरंडीचा प्रश्न नाही. इतरांसमोर तो अघळपघळ बोलतो आणि माझ्यासमोर दोन वाक्यांत काम आटोपतो. निकषाप्रमाणे पाहिले तर वेगळेपण आहे आणि ते वारंवार दिसते. पण वेगळेपण नावडण्यातूनही येऊ शकते. काही नव्या मैत्रिणीही सुरुवातीला माझ्याशी तुटक वागतात. ते मत्सरामुळे असते असे याद्या सांगतात, पण तसे मानायला माझे मन धजत नाही.

अनुबंध

तुमचे मन धजत नाही, ते योग्यच आहे. कोणाच्याही थंडपणाला मत्सर म्हणण्याची घाई करू नये, कारण एकदा ती सवय लागली की समोरच्याची खरी तक्रारसुद्धा ऐकू येईनाशी होते. नव्या मैत्रिणी सुरुवातीला तुटक वागतात त्याला अनेक कारणे असू शकतात: तुमचा शांत स्वभाव त्यांना अलिप्तपणा वाटत असेल, किंवा तुमच्या मैत्रिणीने सांगितले तसे, तुम्हाला स्वतःविषयी पूर्ण खात्री आहे असे त्या धरून चालत असतील आणि त्यामुळे पुढाकार घ्यायला संकोचत असतील. पुढे त्या मोकळ्या होतात का, हे पाहा. ओळख वाढल्यावर जो दुरावा आपोआप विरघळतो तो संकोचाचा असतो. जो वाढत जातो त्याची कारणे शोधावी लागतात आणि ती बहुधा रूपात नसून व्यवहारात सापडतात.

कौतुकाचे म्हणाल, तर रूपाविषयी बोलणे जोखमीचे असते. कामाच्या ठिकाणी तर ते बहुतेक समंजस लोक कटाक्षाने टाळतात, आणि टाळतात हे चांगलेच आहे. शिवाय हे हिला ठाऊकच असणार असे वाटले की सांगण्याची गरजही उरत नाही. कोणी कौतुक करत नाही यावरून आकर्षक नसणे ठरत नाही, तसेच त्यावरून आकर्षक असणेही ठरत नाही, त्यामुळे हा मुद्दा हिशेबातून काढूनच टाका.

कामाच्या कौतुकाविषयी तुम्हाला पडलेली शंका मला अधिक महत्त्वाची वाटते आणि तिच्यापासून तुम्ही सावध राहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. ब्रेंडा मेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सहभागी व्यक्तींकडून निबंध लिहून घेतले आणि भिन्नलिंगी परीक्षकाकरवी प्रत्येकाला स्तुती मिळेल अशी व्यवस्था केली. काहींना सांगितले होते की परीक्षक तुम्हाला पाहू शकतो, काहींना सांगितले होते की पाहू शकत नाही. स्वतःला आकर्षक मानणाऱ्यांपैकी ज्यांना आपण दिसत आहोत असे वाटत होते, त्यांनी त्या स्तुतीचे श्रेय लेखनाच्या गुणवत्तेला कमी प्रमाणात दिले. आकर्षक असण्याची ही एक खरी किंमत आहे, आणि ती याद्यांमध्ये कोणी लिहीत नाही. यावर एक व्यवहारी उपाय आहे: ज्यांनी तुम्हाला पाहिलेले नाही अशा लोकांचे मत वेगळे लक्षात ठेवा. केवळ लेखी अहवाल वाचून दूरच्या विभागाने जे म्हटले, दूरध्वनीवर ज्यांच्याशी काम झाले त्यांनी जे कळवले, ते आणि समोरच्यांचे मत जुळत असेल, तर कौतुक कामाचेच आहे.

आता त्या सहकाऱ्याविषयी. तुम्ही अचूक अडचण सांगितली आहे: वेगळेपण दिसते, पण त्याची दिशा दिसत नाही. नावडीतून आलेला तुटकपणा आणि अवघडलेपणातून आलेला तुटकपणा वरवर सारखे दिसतात, तरी जवळून पाहिले तर त्यांच्यात फरक असतो. ज्याला तुम्ही आवडत नाही, तो तुमच्यापासून लांब राहण्याची सोय पाहतो आणि तुम्ही बोललेले त्याच्या लक्षात राहत नाही. जो अवघडलेला असतो, तो बोलायला कचरतो, पण आसपास असतो. सर्वांच्या गप्पांत तुम्ही ओझरते सांगितलेले काही त्याने लक्षात ठेवलेले असते आणि ते अनपेक्षितपणे त्याच्या बोलण्यात येते. तुम्ही बोलू लागलात की त्याच्या हातातले काम थांबते. एकाच वेळी हे सारे दिसायला हवे असे नाही, पण यातले काहीच दिसत नसेल तर आकर्षणाची कल्पना सोडून द्यावी.

शिवाय दोन बाबी विचारात घ्या. एरिका बूथबी, गस कूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की दोन अपरिचित माणसांचे बोलणे संपल्यावर, आपण समोरच्याला जितके आवडलो असे प्रत्येकाला वाटते, त्याहून प्रत्यक्षात तो समोरच्याला अधिक आवडलेला असतो. एका वसतिगृहात सोबत राहणाऱ्यांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकला होता. म्हणजे, त्याला माझे पटत नाही, हा तुमचा पहिला अंदाज मुळातच थोडा कठोर असण्याची शक्यता आहे. आणि दुसरी बाब पॉल ईस्टविक व लूसी हंट यांच्या २०१४ च्या अभ्यासातली: प्रथमदर्शनी कोण आकर्षक यावर लोकांचे बऱ्यापैकी एकमत होते, पण ओळख जुनी होत जाते तसे ते एकमत ढळते आणि प्रत्येकाची आवड आपापली होते. तुमच्या मैत्रिणीने जे सांगितले ते नव्या लोकांच्या पहिल्या मताविषयी आहे. हा सहकारी तुम्हाला बरेच दिवस ओळखत असेल, तर त्याच्या मनात जे काही आहे त्याचा त्या सर्वसाधारण मताशी फारसा संबंध असणार नाही.

पाऊलवाट

अनुबंध यांच्याशी सहमत आहे. त्यात एका प्रयोगाची भर घालतो, कारण तो थेट तुमच्या उपयोगाचा आहे. मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँक आणि एलन बर्शाइड यांनी १९७७ मध्ये काही पुरुषांना अनोळखी स्त्रियांशी दूरध्वनीवर बोलायला लावले. प्रत्येक पुरुषाला आधी एक छायाचित्र दिले होते, कोणाला आकर्षक स्त्रीचे, कोणाला तितकी आकर्षक नसलेल्या स्त्रीचे, आणि त्या छायाचित्राचा पलीकडच्या खऱ्या स्त्रीशी काहीही संबंध नव्हता. नंतर या संभाषणांमधला फक्त स्त्रियांचा आवाज त्रयस्थांना ऐकवला. ज्या स्त्रियांना समोरचा आकर्षक समजून बोलत होता, त्या स्त्रिया त्रयस्थांना अधिक मनमिळाऊ आणि मोकळ्या वाटल्या. बोलणाऱ्याच्या अपेक्षेमुळे पलीकडची व्यक्ती खरोखर तशी वागू लागली होती.

तुमच्या आणि त्या सहकाऱ्याच्या बाबतीत उलट दिशेने हेच चालू असेल. त्याला मी पटत नाही असे मनात धरून तुम्ही बोलता तेव्हा तुमचेही बोलणे हातचे राखून होत असणार, आणि तो जर अवघडलेला असेल तर त्याला त्यातून आणखी थंडपणा जाणवत असणार. पुढच्या वेळी काम संपल्यावर त्याच्या कामाविषयी किंवा मतांविषयी एखादा खराखुरा प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर हो किंवा नाही इतक्यात संपणार नाही, आणि उत्तरासाठी थोडे थांबा. अवघडलेला माणूस सुरुवातीला अडखळेल, पण एकदा बोलू लागला की थांबणार नाही, आणि पुढे कधीतरी त्याच विषयावर स्वतःहून येईल. ज्याला खरोखर नको आहे तो सभ्यपणे दोन वाक्यांत उत्तर देईल आणि निघून जाईल. तसे झाले तर पुन्हा विचारू नका.

निरभ्र

हे मी नक्की करून पाहीन. त्याने गेल्या आठवड्यात एका सादरीकरणात वापरलेल्या पद्धतीविषयी मला खरोखरच काही विचारायचे आहे, त्यामुळे निमित्त शोधावे लागणार नाही. आणि दूरच्या विभागाकडून आलेली पत्रे आजच काढून वाचली. त्यातल्या कोणीही मला कधी पाहिलेले नाही.